व्हेंचर कॅपिटलची वाट दाखवणारा चौदा आठवड्यांचा अभ्यासक्रम : मालवणहून घेतलेला अनुभव

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात मी एका बिगरनफा संस्थेचा चौदा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यानंतर तीन महिने मुंबईतील एका लहान व्हेंचर कॅपिटल फंडात, म्हणजे इतरांचे पैसे गोळा करून नव्या कंपन्यांत हिस्सा घेणाऱ्या निधीत, इंटर्न म्हणून काम केले. ज्यांच्या घरात किंवा ओळखीत या क्षेत्रातले कोणीही नाही आणि ज्यांनी नामवंत संस्थांत शिक्षण घेतलेले नाही, अशा तरुणांना फंडात विश्लेषक म्हणून प्रवेश मिळावा, हा या अभ्यासक्रमाचा जाहीर हेतू आहे. आमची तुकडी लहान होती आणि संस्थेचे नाव लिहिले तर सोबतच्या मुलामुलींची ओळख सहज पटेल, म्हणून नाव देत नाही. मात्र अशा प्रकारचा कोणताही अभ्यासक्रम पारखताना उपयोगी पडेल, इतके तपशील मी खाली दिले आहेत.

मी मालवण तालुक्यातली. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून होणाऱ्या मासेमारीला, जातात, आई मासळी बाजारात बसते आणि पावसाळ्यात सुक्या मासळीवर घर चालवते. बी.कॉम. झाल्यावर मी चार वर्षे एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात लेखनिक होते. नारळाचे व्यापारी, आंबा बागायतदार, होडीसाठी इंजिन घेणारे मच्छीमार, अशा शेकडो लोकांची कर्जप्रकरणे माझ्या हाताखालून गेली. कोणाचा धंदा चालेल आणि कोणाचा नाही, याचा अंदाज मला येऊ लागला होता. पण त्या अंदाजावर कोणी पगार देते, हे मला माहीत नव्हते.

हे क्षेत्र बाहेरच्याला बंद का वाटते, ते आधी सांगायला हवे, कारण अभ्यासक्रमाचे मोल त्यावरच ठरते. बँकेत शिरायचे असेल तर आयबीपीएसची परीक्षा असते, शासनात जायचे असेल तर लोकसेवा आयोग असतो. अभ्यास कठीण असला तरी दार कोठे आहे ते सर्वांना ठाऊक असते. व्हेंचर कॅपिटलमध्ये असे दार नाही. १०० कोटी रुपयांचा फंड असेल, तर प्रचलित पद्धतीप्रमाणे व्यवस्थापन शुल्क वर्षाला साधारण २ टक्के, म्हणजे २ कोटी रुपये मिळते आणि त्यातून कार्यालय, कायदेशीर खर्च, प्रवास व पगार हे सर्व भागवायचे असते. साहजिकच अशा फंडात मोजकीच माणसे असतात, जागा क्वचित निघते आणि निघाली तरी जाहिरात द्यावी लागत नाही, कारण फंड चालवणाऱ्या भागीदारांच्या जुन्या महाविद्यालयातला किंवा जुन्या नोकरीतला कोणीतरी आधीच नजरेसमोर असतो. यात कोणाचा दुष्टावा असतो असे मला वाटत नाही, पण परिणाम व्हायचा तो होतोच.

हा पायंडा जुना आहे. आधुनिक व्हेंचर कॅपिटलची सुरुवात ज्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनपासून मानली जाते, ती १९४६ मध्ये उभी राहिली आणि तिची धुरा हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्याकडे होती. त्या कंपनीने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये घातलेल्या ७०,००० डॉलरचे पुढे कोट्यवधी झाले आणि या धंद्याला प्रतिष्ठा मिळाली. भारतात आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी १९८८ मध्ये टीडीआयसीआय ही कंपनी काढली, भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने १९९६ मध्ये पहिली नियमावली आणली आणि २०१२ पासून हे फंड पर्यायी गुंतवणूक निधीच्या नियमावलीखाली येतात. या प्रवासात पैसा नामांकित शिक्षणसंस्था आणि मोठ्या वित्तसंस्था यांच्याच वर्तुळात फिरला आणि माणसेही त्याच वर्तुळातून निवडली गेली.

आता अभ्यासक्रमाकडे येते. पहिली चांगली गोष्ट म्हणजे अर्ज. त्यात गुणपत्रिका मागितली नव्हती. दोन पानांत एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे होते: तुमच्या परिसरातला असा एक धंदा सांगा, ज्यात बाहेरच्याला न दिसणारी गोष्ट तुम्हाला दिसते. मी बर्फावर लिहिले. मासेमारीला निघण्याआधी होडीत बर्फाच्या लाद्या भरल्या जातात, त्या किती भरायच्या हे मासळी मिळण्याआधीच ठरवावे लागते, आणि मासळी कमी मिळाली तरी बर्फाचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे मच्छीमाराचा तोटा समुद्रात जाळे पडण्याआधीच सुरू झालेला असतो, एवढेच मी उदाहरणासह मांडले होते. मुलाखतीत माझ्या इंग्रजीबद्दल एक शब्दही निघाला नाही. लादी किती किलोची असते, ती किती तास टिकते आणि उधारी कोणाच्या वहीत लिहिली जाते, हे मात्र वीस मिनिटे विचारले. फी १८,००० रुपये होती आणि घरचे उत्पन्न दाखवल्यावर ती पूर्ण माफ झाली. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, समुद्र खवळलेला असल्याने रापणही लागत नाही आणि घरात पैसा येत नाही, त्या दिवसांत ही माफी आमच्यासाठी मोठी होती.

पहिल्या पाच आठवड्यांतले शिकवणे उत्तम होते. कॅप टेबल, म्हणजे कंपनीची मालकी कोणाकडे किती आहे याचा तक्ता, आम्हाला रोज हाताने मांडायला लावत. कंपनीचे मूल्य गुंतवणुकीआधी ८ कोटी धरले आणि फंडाने २ कोटी घातले, तर नंतरचे मूल्य १० कोटी होते आणि फंडाचा हिस्सा २० टक्के होतो. संस्थापकांचा हिस्सा १०० वरून ८० वर येतो. हे सोपे आहे. पण त्याच करारात लिक्विडेशन प्रेफरन्सचे कलम असेल आणि कंपनी पुढे अवघ्या ३ कोटींना विकली गेली, तर फंड २० टक्क्यांप्रमाणे ६० लाख न घेता आपले २ कोटी आधी काढून घेतो आणि संस्थापकांना उरलेल्या १ कोटीवर भागवावे लागते, हे जेव्हा फळ्यावर मांडले गेले, तेव्हा टक्केवारी आणि हातात पडणारा पैसा यांतला फरक मला पहिल्यांदा नीट समजला. पतसंस्थेत आम्ही तारण पाहायचो. येथे तारण नाही, म्हणून कलमे आहेत.

वडिलांना मी हे समजावू लागले, तेव्हा त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "पैसे बुडले तर ते तुका भरूक लागतले काय गो?" नाही, असे सांगितल्यावर त्यांना ते पटले नाही. बुडीत कर्जासाठी जामीनदाराच्या दारात उभे राहणारे लोक त्यांनी पाहिले आहेत. दहा कंपन्यांत पैसे घातले तर त्यातल्या बहुतेक फारसे काही परत देत नाहीत आणि एखाद-दुसरीच सर्वांची भरपाई करते, या हिशेबावर हा सगळा धंदा उभा आहे, हे आमच्यासारख्या घरातल्या मुलांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. एका कर्जदाराने एक हप्ता चुकवला तरी झोप उडते अशा ठिकाणी मी काम केले होते. माझ्या पहिल्या तीन सराव-मेमोंवर, म्हणजे एखाद्या कंपनीत पैसे घालावेत की नाही याच्या टिपणांवर, मार्गदर्शकांनी एकच शेरा मारला होता, की मी कंपनी का बुडेल हे उत्तम लिहिते, पण चालली तर किती मोठी होईल हे लिहीतच नाही. हा दोष कोठून आला हे त्यांनी ओळखले आणि त्यावर माझ्याकडून चार आठवडे स्वतंत्र काम करून घेतले. मी घेतलेल्या कोणत्याही वर्गात शिक्षकाने माझी इतकी बारकाईने दखल घेतली नव्हती.

कॅरी ही कल्पना मला शिकवावी लागली नाही. नफ्यातला ठरावीक वाटा, बहुधा २० टक्के, फंड चालवणाऱ्यांना मिळतो. म्हणजे १०० कोटींचे २५० कोटी झाले, तर गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा दिल्यानंतर १५० कोटी नफ्यातले ३० कोटींपर्यंत त्यांच्याकडे येऊ शकतात. रापणीत हेच आहे. जाळे होडीतून अर्धगोलात समुद्रात सोडतात, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात, गावातली माणसे ते ओढतात आणि मासळी विकल्यावर जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा वेगळा काढतात. मी वर्गात हे सांगितले, तेव्हा शिक्षकांनी लगेच विचारले, की मग फरक काय? फरक दोन आहेत. रापणीचा वाटा त्याच दिवशी हातात पडतो आणि कॅरीची वाट आठ-दहा वर्षे पाहावी लागते, हा एक. दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: रापणीत दोर ओढणाऱ्या सर्वांत नवख्या पोरालाही वाटा असतो, फंडातल्या नवख्या विश्लेषकाला बहुधा तो नसतो. नोकरी स्वीकारताना पगाराबरोबर हेही विचारावे, असे आम्हाला त्या दिवशी सांगण्यात आले आणि ते सांगणारी व्यक्ती स्वतः फंडातून आलेली होती, याची मी आदराने नोंद करते.

नवव्या आठवड्यातला एक प्रसंग मुद्दाम लिहिते, कारण असे अभ्यासक्रम का हवेत याचे उत्तर त्यात आहे. आम्हाला एका काल्पनिक कंपनीचे सादरीकरण दिले होते. मच्छीमाराने बंदरावर उतरण्याआधीच मोबाइलवरून आपली मासळी थेट शहरातल्या ग्राहकाला विकावी, मधला व्यापारी गाळावा आणि दोघांचा फायदा व्हावा, अशी ती योजना होती. देशातल्या मासळीच्या बाजाराचे आकडे पहिल्याच पानावर होते आणि तुकडीतल्या बहुतेकांना योजना आवडली होती. मी लिहिले, की या सादरीकरणात उचल हा शब्दच नाही. हंगामाच्या सुरुवातीला जाळी, डिझेल, बर्फ आणि खलाशांची आगाऊ रक्कम यांसाठी मच्छीमार व्यापाऱ्याकडून पैसे उचलतो आणि त्या बदल्यात मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यायचे बांधून घेतो. वाशीच्या दलालाकडून आगाऊ रक्कम घेणाऱ्या आंबा बागायतदाराचेही असेच असते. तेव्हा मोबाइलवर भाव चांगला दिसला म्हणून मासळी तिकडे जाणार नाही, कारण ती विकायला मोकळीच नाही. ही कंपनी उभी राहायची असेल, तर तिने आधी उचल फेडण्याची सोय करायला हवी, म्हणजे तिला मोबाइल अ‍ॅपपेक्षा खेळते भांडवल अधिक लागेल आणि तिचे सगळे गणित बदलेल.

मार्गदर्शकांनी माझा मेमो सर्वांसमोर वाचला आणि बाजाराच्या आकड्यांच्या पानावर पेनाने आडवी रेघ मारली. मग त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून ठेवले आहे: पैसे देणाऱ्यांच्या खोलीत ज्याला हे माहीत आहे असा कोणीच नसेल, तर अशा कंपनीत पैसे जातात आणि बुडतात, आणि ज्या कंपनीने उचलीचा प्रश्न खरोखर सोडवला आहे तिला मात्र ते मिळत नाहीत, कारण तिचे म्हणणे कोणाला कळत नाही. वंचित भागातल्या माणसाला संधी द्यावी, हे नेहमी उपकाराच्या भाषेत बोलले जाते. या अभ्यासक्रमात ते धंद्याच्या भाषेत बोलले गेले आणि माझ्या दृष्टीने ती त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

काही गोष्टी मात्र खटकल्या. वर्ग रात्री आठ वाजता असत आणि उपस्थिती सक्तीची होती. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. दोन वेळा झाड तारांवर पडून रात्रभर वीज नव्हती आणि मला दोन्ही दिवसांची अनुपस्थिती लागली. ज्यांच्यासाठी अभ्यासक्रम आहे ते कोठे राहतात याचा विचार वेळापत्रक करताना व्हायला हवा होता. शिवाय कसे बोलावे, कसे बसावे, कार्यक्रमात लोकांशी ओळख कशी करून घ्यावी, यावर पूर्ण दोन आठवडे खर्च झाले. त्यातला काही भाग उपयोगी होता हे मान्य आहे, पण तेवढ्या वेळात कंपनीचे ताळेबंद वाचण्याचा सराव झाला असता, तर मला कामाच्या पहिल्या महिन्यात रात्री जागावे लागले नसते.

आता मुख्य मुद्दा. अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाची तीन फंडांशी ओळख करून दिली जाते. केवळ पत्ता दिला जात नाही. संस्थेतली एक जबाबदार व्यक्ती भागीदाराला स्वतः पत्र लिहिते, सोबत आमचा मेमो जोडते आणि भेट ठरेपर्यंत पाठपुरावा करते. माझ्या तीन पत्रांपैकी दोघांचे उत्तर आले नाही, तिसऱ्याने चाळीस मिनिटे बोलून इंटर्न म्हणून घेतले. त्याआधी मी स्वतः तेवीस फंडांना अर्ज पाठवले होते आणि एकाचेही उत्तर आले नव्हते; मेमो तोच होता. यावरून मी असे म्हणते, की या चौदा आठवड्यांत मला जे शिकायला मिळाले ते कष्ट करून अन्यत्रही शिकता आले असते, पण माझ्यासाठी भागीदाराकडे टाकलेला तो एक शब्द मला दुसरीकडे कोठेही मिळाला नसता.

कोकणातल्या लोकांना हे नवे नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. गिरणीत बदली कामगार म्हणून नाव लागण्यासाठीसुद्धा खात्यातल्या कोणाचा तरी शब्द कामगार भरणाऱ्या जॉबरपर्यंत पोहोचावा लागे, आणि तो शब्द टाकणारा बहुधा गावचाच असे. पण केवळ शब्दावर कोणी मुंबईत टिकत नसे. गावकीची खोली असे, तिथे पाळीप्रमाणे झोपायला जागा मिळे, खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवण मिळे आणि पहिला पगार होईपर्यंत गाववाले सांभाळून घेत. शब्द आणि खोली मिळून वाट तयार होत असे. या अभ्यासक्रमाने शब्द दिला, खोली दिली नाही, आणि माझी त्याच्याविषयीची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

मी ज्या फंडात गेले त्याचे कार्यालय लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात होते. मानधन महिन्याला २५,००० रुपये होते आणि ते महिना संपल्यावर मिळणार होते. कार्यालयापासून तासाभराच्या अंतरावर पेइंग गेस्ट म्हणून राहायचे तर दोन महिन्यांचे डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचे भाडे आधी भरावे लागत होते. पतसंस्थेची नोकरी सोडल्यामुळे पगार बंद झाला होता. आजोबांच्या वेळची गावकीची खोली पुनर्विकासात गेली आहे आणि ती असती तरी तिथे बायकांची सोय कधीच नव्हती. मी कोकणकन्येने आले आणि नालासोपाऱ्याला मावशीकडे उतरले. मावशी आणि काकांनी मला तीन महिने एका खोलीच्या घरात सामावून घेतले. ते नसते तर मी हा लेख लिहीत नसते. माझ्या तुकडीतल्या तिघांना इंटर्नशिप मिळूनही सोडून द्यावी लागली. त्यातल्या दोघांची विनामानधन होती आणि तिसऱ्याची बंगळूरला होती, जिथे त्याचे कोणीही नव्हते. ते तिघेही माझ्याहून हुशार होते.

राहण्याच्या अंतराचा परिणाम केवळ थकव्यापुरता नसतो. या धंद्यात कोणती कंपनी पैसे उभारते आहे, कोणता संस्थापक नोकरी सोडण्याच्या विचारात आहे, अशा बातम्या संध्याकाळच्या भेटीगाठींत कळतात. वांद्रे-कुर्ला संकुलातला कार्यक्रम साडेनऊला संपायचा, त्यानंतर लोक अर्धा तास उभे राहून बोलायचे आणि खरे बोलणे त्याच अर्ध्या तासात व्हायचे. मला मात्र नालासोपाऱ्याची गाडी पकडायची असल्याने नऊलाच निघावे लागे. चांगल्या कंपन्या शोधून आणणे हे विश्लेषकाचे पहिले काम समजले जाते आणि त्यात मी तीन महिने मागे राहिले. ही उणीव मी दुसऱ्या मार्गाने भरून काढण्याचा प्रयत्न केला: कुडाळ, चिपळूण, दापोली येथील काजू, कोकम आणि मासळी प्रक्रियेतल्या लोकांशी रोज फोनवर बोलले आणि त्यातून दोन कंपन्या फंडापुढे नेल्या. एकीशी पुढची बोलणी झाली. इंटर्नशिप संपल्यावर त्याच फंडाने मला विश्लेषक म्हणून ठेवून घेतले, त्याचे कारण त्यांनी तेच सांगितले.

अभ्यासक्रम ज्यावर अजिबात बोलत नाही असा आणखी एक विषय आहे, आणि तो मला नोकरी लागल्यावर सेबीची नियमावली वाचताना कळला. आत शिरणे आणि वर चढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेंचर कॅपिटल फंड ज्यात येतात त्या पहिल्या प्रवर्गातल्या फंडाच्या व्यवस्थापकाला किंवा प्रायोजकाला निधीच्या २.५ टक्के किंवा ५ कोटी रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम स्वतःची म्हणून गुंतवून ठेवावी लागते. १०० कोटींच्या फंडासाठी हे अडीच कोटी होतात. बाहेरच्या गुंतवणूकदाराची किमान रक्कम १ कोटी आहे. फंडाच्या कर्मचाऱ्यांसाठी ती २५ लाखांवर आणली आहे, पण २५ लाख म्हणजे आमच्याकडे घर. भागीदार जबाबदारीने वागावेत म्हणून त्यांचाही पैसा अडकलेला असावा, हा नियमामागचा विचार योग्यच आहे. तरीही ज्याच्या पाठीशी घरचा पैसा नाही, त्याने पंधरा वर्षांनी भागीदार कसे व्हायचे, याविषयी कोणीतरी पहिल्या वर्षीच बोलायला हवे. काही ठिकाणी भागीदारांना ही रक्कम कर्जाऊ मिळते, असे मला वरिष्ठांकडून समजले; हे वर्गात समजले असते तर मी नोकरीच्या बोलणीत निदान प्रश्न तरी विचारला असता. सेबीने २०२३ पासून प्रमुख गुंतवणूक चमूसाठी लागू केलेल्या एनआयएसएमच्या (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या) प्रमाणपत्र परीक्षेचाही अभ्यासक्रमात उल्लेख नव्हता. ती परीक्षा कोणालाही देता येते, घरी बसून अभ्यास करता येतो, आणि नावापुढे मोठ्या संस्थेचा शिक्का नसलेल्या उमेदवाराला तिचा आधार होऊ शकतो.

सार्वजनिक पैशाचा विचार करता हा विषय काही खासगी फंडांपुरता राहत नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये १०,००० कोटी रुपयांचा फंड ऑफ फंड्स जाहीर केला. लघुउद्योगांसाठीच्या सिडबी या विकास बँकेमार्फत चालणारा हा निधी थेट स्टार्टअपना पैसे न देता अशाच फंडांत गुंतवतो. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र व्हेंचर कॅपिटल फंड सुरू झाला आणि २०२० मध्ये त्याअंतर्गत आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन आले. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या डिक्की (दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री) या संघटनेने दलित उद्योजकांना भांडवल मिळवून देण्याचे काम याआधीपासून केले आहे. ही सर्व पावले उद्योजकासाठी आहेत आणि ती हवीच होती. पण निर्णय ज्या टेबलावर होतो त्याच्या पलीकडच्या बाजूला कोण बसते, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही, आणि तेवढ्यासाठी तरी असे अभ्यासक्रम वाढायला हवेत. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी एचबीसीयूव्हीसी हा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तर लंडन बिझनेस स्कूल आणि लोकलग्लोब या फंडाने २०२१ मध्ये न्यूटन व्हेंचर प्रोग्रॅम आणला. आपल्याकडे जातीबरोबर तालुकाही आड येतो, हे लक्षात घेऊन अशी रचना येथे वेगळी करावी लागेल.

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी अवश्य करावा, असे मी म्हणेन. पतसंस्था, सहकारी बँक, बचतगट, कृषी प्रक्रिया, मासळी व्यापार अशा ठिकाणी दोन-तीन वर्षे काम केलेल्यांना त्याचा सर्वाधिक उपयोग होईल, कारण मेमोत घालायला त्यांच्याजवळ स्वतःचे काहीतरी असते. नुकतेच पदवीधर झालेल्यांनी आधी एखाद्या धंद्याच्या जवळ वर्षभर राहावे. कोणत्याही संस्थेचा असा अभ्यासक्रम निवडताना किती जण शिकून बाहेर पडले हे न विचारता, किती जणांना मानधनासह काम मिळाले आणि त्यातले किती वर्षभर टिकले, हे विचारावे. फंडांना ओळख करून देणारे पत्र कोण लिहिते आणि पाठपुरावा कोण करते, हेही विचारावे.

डिसेंबरमध्ये मी संयोजकांना सविस्तर पत्र लिहिले आणि त्यात मानधन आगाऊ मिळावे, डिपॉझिटसाठी बिनव्याजी रक्कम मिळावी, पावसाळ्यात वर्गांची ध्वनिचित्रफीत उपस्थिती म्हणून ग्राह्य धरावी आणि विनामानधन इंटर्नशिप यादीतून काढून टाकावी, अशा चार मागण्या केल्या. त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले. ध्वनिचित्रफितीची मागणी मान्य झाली आहे आणि विनामानधन जागा पुढच्या तुकडीपासून घेतल्या जाणार नाहीत. डिपॉझिटच्या रकमेसाठी देणगीदार शोधत असल्याचे त्यांनी लिहिले आहे. तेव्हा जूनच्या तुकडीत प्रवेश घेणाऱ्यांनी ही सोय झाली आहे की नाही, हे पत्राने विचारून आणि उत्तर लेखी घेऊनच हातची नोकरी सोडावी.